पाठ फिरवण्याआधी

वाळत्या बोंबलांचा वास आला की मला अर्नाळ्याची मावशी आठवते. वास असा की समोरच्या बेटावरल्या किल्ल्यातली भुतंसुद्धा नाक धरून पोहत किनाऱ्याला यावीत! तिचा मुलगा, माझा जिगरी दोस्त, मासेमारीला गेला तो परतलाच नाही. त्याच्या आठवणीसाठी मी एक वेबपेज केलं आणि त्यावर त्याचा शेवटचा व्हिडिओ टाकला. त्यात तो बोटीवर उभा राहून खदाखदा हसतो, मग पाठ फिरवतो आणि बोट निघते. मावशी म्हणाली, "पाठ फिरवतो ना, त्याच्या आधी थांबव." मी म्हटलं, "मग पुढचं कापून टाकतो." "कापू नको रं, मेल्या! पोरगा हाय तो माझा." मग मी, जगातला सर्वात थोर प्रोग्रामर, म्हणजे आमच्या आळीतला एकुलता एक, त्या पेजला चार ओळींचा हुकूम लिहून दिला: व्हिडिओ अख्खा ठेव, पण हसू सरायच्या आत थांबव. पेजने निमूट ऐकलं. मावशीने मोबाईल जवळ घेतला, थांबलेल्या चेहऱ्यावरून खारट बोट फिरवलं आणि विचारलं, "जेवलास का रं?" आज कुणी पुढचा भाग मागितला, तर मी छातीठोक सांगतो, व्हिडिओ एवढाच होता.