नऊ फाट्यांचं सांबर

माझे व्याही धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झाले. बाप शिकारी होता म्हणून ह्यांना सगळं रान कळतं. उद्या कुणाचा बाप वैद्य असेल तर त्यानं नाडी पण बघावी.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी स्कूटरवर आणि मागनं हे एसटीनं माझ्या गावी आले, रोह्याच्या अलीकडं. मला पेणला रामवाडीतल्या त्यांच्या ब्लॉकात न्यायचा घाट. कारण काय, तर माझी नजर गेली. एकटा म्हातारा, बाजूला रान, कुठं तरी पडेल. ब्लॉकात काय करू? खिडकीतनं हायवेच्या गाड्या मोजू?

ऊन उतरताना आम्ही अंगणात चहा घेत होतो. समोर वालाच्या शेताच्या कडेला सांबर येऊन उभं राहिलं. नर.

"बापरे! नऊ फाटे," व्याही बोलले. "शिंग मीटरभर हाय."

"सहा," मी बोललो. "एका शिंगाला तीन. लांबी चार कान."

"चार काय?"

"कान."

हे ह्यांना ठाऊक नाय, आणि बाप म्हणे शिकारी! शिकारीला बंदी नव्हती तेव्हा मी हाक्याला, रानातनं जनावर उठवायला, जायचो. बंदूकवाला विचारायचा, शिंग किती कान? टेप घेऊन सांबराकडं कोण जाणार? त्याचा कान वीतभर. तोच नजरेनं शिंगावर ठेवत वर जायचं. चार कानांच्या खाली बार काढायचा नाय.

व्याही मुलीकडं वळले. "बघितलंस सूनबाई? तीन फाटे ह्यांना दिसलेच नाय. ठेवायचं एकटं?"

मी कशाला गप्प बसतोय!

"माजावर आलेला नर झुडपात शिंगं घुसळतो. वेली अडकतात. तुमच्या तीन फाट्यांना पानं फुटलीत, व्याहीबुवा."

त्यांनी मोबाइलात फोटो काढला, बोटांनी मोठा केला, चष्मा वर-खाली केला. शेवटी मुलीनंच तो हातातनं घेतला.

"पप्पा, पानं हायत ही," ती सासऱ्यांना बोलली.

"ह्या मोबाइलात तसंच दिसतं," व्याही बोलले. दुपारभर त्याच मोबाइलाचं कौतुक ऐकवत होते.

मला वाटलं, मिटलं. पण मुलगी आत गेली नि माझे कपडे पिशवीत भरायला लागली.

"आता काय गो? दिसलं ना मला?"

"सांबर ओळखलंत आबा. सकाळी मी दारात आले तर 'कोण गो तू?' म्हणालात."

दारातल्या व्याह्यांच्या तोंडावर परत तेज आलं.

"तोंडाला ओढणी, वर काळा चष्मा, त्याच्यावर हेल्मेट," मी बोललो. "शिंगं असती तर ओळखली असती."

तिला हसू आलं, पण हात थांबला नाय. मी पिशवीतला सदरा काढून खुंटीला लावला. तिनं दुसरा भरला. तो पण काढला. मग ती पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसली.

"दर रविवारी येऊन बघणार," ती बोलली.

"ये," मी बोललो. "एकटी ये."