रोवेना सिस्टरांनी घेतलेला अंगठा

गिरीजच्या रोवेना लोपीस यांना गावात नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कुणाचा ताप उतरेना, कुणाचं बीपी चढलं, की माणसं आधी त्यांच्या अंगणात येत, मग डॉक्टरकडे जात. तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं त्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीतल्या बारा खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये मुख्य सिस्टर होत्या. हात असा हलका की लहान मुलाचीही शीर एका टोचण्यात सापडायची.

राज्य सरकारनं नर्सिंग होमच्या नियमांत बदल केला आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं, तेव्हा फलक छापून आणून वॉर्डाच्या भिंतीवर लावून घेतला तो त्यांनीच. आजार काय, उपचार कोणता, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावं, त्याची संमती घ्यावी, मागितल्यास केसपेपर दाखवावा, असं सगळं त्यात होतं. सिस्टरांनी तो एकदाच वाचला होता, छपाईत चूक राहिली नाही ना एवढं पाहायला.

एका वर्षी दिवाळीच्या आधी सुमेधाबाई सावे त्या वॉर्डात दाखल झाल्या. वय पंचाहत्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, मधुमेह जुना. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी मुलाला, संग्रामला, बाहेर नेऊन सांगितलं, बोटं काढावी लागतील, नाहीतर पाय जाईल.

"आईला सांगू नका," संग्राम रडकुंडीला आला. "बाबांचा पाय कापला आणि महिन्याभरात ते गेले. ती नाहीच म्हणेल. जखम साफ करायचीय, एवढंच सांगा."

डॉक्टर सिस्टरांकडे वळले. "संमतिपत्राचं तेवढं बघा."

असलं काही बघण्यात रोवेना सिस्टर मुरलेल्या होत्या. शस्त्रक्रियेआधीचं गुंगीचं इंजेक्शन देऊन झालं, बाईंचे डोळे जड झाले, तेव्हा त्या शाईचं पॅड घेऊन खाटेपाशी गेल्या. "बाई, जखम साफ करायचीय हं," म्हणाल्या आणि बाईंचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. बाई काहीतरी पुटपुटल्या. "चष्मा" असंच काहीसं. सिस्टरांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. कापसानं अंगठा स्वच्छ पुसला.

शस्त्रक्रिया चांगली झाली, पाय वाचला. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडताना सुमेधाबाईंनी मान उचलून पायाकडे पाहिलं.

"सिस्टर, माझी बोटं?"

संग्राम खिडकीबाहेर बघू लागला. सिस्टरांनीच काय ते सांगितलं. बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दुपारभर चष्मा लावून भिंतीकडे बघत पडून राहिल्या. चहाच्या वेळी म्हणाल्या, "मला माझा केसपेपर बघायचाय. मागितला तर दाखवायचा, असं तुमच्या त्या फलकावर लिहिलंय."

कागद उलटता उलटता त्यांचा हात थांबला. "हा अंगठा कुणाचा?"

"तुमचाच, बाई. तुम्ही गुंगीत होतात, म्हणून..."

"गुंगीत होते, तर मी उठवला कसा?"

बाई हळू आवाजात बोलत होत्या. "शाळा सुटल्यावर मी मिठागरावरच्या बायकांचे वर्ग घ्यायचे. पेन धरायलाही लाजायच्या बिचाऱ्या. पन्नास-साठ जणींचा अंगठा सोडवून त्यांना सही शिकवली मी. आणि माझ्या नावापुढं हा डाग."

"पण पाय वाचला ना, बाई?"

"वाचला. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, ते आता मलाही कळायचं नाही. तेवढंही माझ्यापाशी ठेवलं नाहीत तुम्ही."

सिस्टरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. घरी जेवण गेलं नाही. नवरा ऑस्टिन म्हणाला, "बाईचा पाय वाचवलास, त्यात लाजायचं काय?" ते ऐकून त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आता मागचे अंगठे आठवू लागले होते. वालीवच्या कारखान्यात काम करणारी हंसा आठवली. असाच अंगठा घेऊन तिची गर्भपिशवी काढली होती. वर्षभरानं येऊन तिनं विचारलं होतं, "सिस्टर, माझी पाळी का येत नाही?" तेव्हा सिस्टरांनी तिच्या हातावर गोळ्या ठेवून तिला घरी पाठवलं होतं.

घरी जायच्या दिवशी सुमेधाबाईंनी पालिकेच्या आरोग्य विभागाला तक्रार लिहिली आणि ती सिस्टरांपुढं धरली. "काही खोटं लिहिलं असेल तर सांगा."

खोटं काहीच नव्हतं. फक्त 'मुख्य परिचारिकेने' असं म्हटलं होतं. "माझं नाव नाही घातलंत?"

"मला ते कुणी सांगितलंच नाही."

"रोवेना लोपीस," त्या म्हणाल्या. बाईंनी ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, "बाई शुद्धीवर होत्या, एवढंच सांगायचं." अधिकाऱ्यांनी विचारलं आणि सिस्टरांच्या तोंडून खरंच "हो" निघालं. समोर खुर्चीत सुमेधाबाई बसल्या होत्या, पाय स्टुलावर. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. जणू हेच त्यांनी गृहीत धरलं होतं. सिस्टर बाहेर व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी परत आत गेल्या.

"साहेब, मी खोटं बोलले. त्या शुद्धीवर नव्हत्या. अंगठा मी धरून टेकवला. आणि हा काही पहिला नाही."

नर्सिंग होमला नोटीस आली. सिस्टरांचं मुख्यपद गेलं, डॉक्टरांनी बोलणं टाकलं. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की देवळाच्या अंगणात घोळका करून उभ्या असलेल्या बायका त्यांना पाहून गप्प होत. वालीवला जाऊन त्यांनी हंसाची खोली शोधून काढली आणि सगळं सांगितलं. हंसानं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

सुमेधाबाईंच्या घरी मात्र त्या ड्रेसिंगला जात राहिल्या. बोलावलं नव्हतं कुणी. पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी विचारलं, तेव्हा बाई चष्मा लावून त्यांच्याकडे बघत "या" म्हणाल्या. नंतर दर वेळी बाहेर उभं राहून विचारायचं, असंच झालं. जखम कुठवर भरली, आज कोणतं मलम, का, हे सगळं सांगायचं. बाई ऐकत, कधी उलट प्रश्न करत. त्याहून जास्त बोलणं नाही.

एके सकाळी सिस्टर पिशवी घेऊन दारात आल्या. "बाई, करू का ड्रेसिंग?"

"आज नको," सुमेधाबाई म्हणाल्या.

का, असं सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी "बरं" म्हटलं, पिशवी खांद्याला लावली आणि गिरीजच्या वाटेला लागल्या.