क्लीनरची खिडकी

आमच्या इमारतीच्या जिन्यात, वळणावरच्या भिंतीत, जाड काचेचे ठोकळे बसवलेले आहेत. संध्याकाळचं ऊन त्यातून पाण्यातून आल्यासारखं झिरपतं, मऊ आणि हिरवट. गेल्या वर्षी कितीतरी महिने त्या उजेडात वहिनी पायरीवर बसून पडद्यांच्या कडा शिवत असायच्या. मांडीवरचं कापड खालच्या पायऱ्यांवर ओघळलेलं असायचं. ऑफिसातून येताना मी पिशवी छातीशी धरून भिंतीच्या कडेने वर जायचो. चुकून कापडावर पाय पडलाच तर मान वर न करता त्या म्हणायच्या, "भाऊजी, सांभाळून. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतून चाललाय तुम्ही."

वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि पडदे शिवतात. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. एकदा त्यांचा क्लीनर वाटेतच काम सोडून गेला. त्याच मुक्कामात एक तपकिरी पिल्लू उघड्या दारातून ट्रकमध्ये चढलं आणि क्लीनरच्या जागेवर बसलं. उतरायला तयारच नाही. तेव्हापासून त्याचं नाव क्लीनर. पुढे सगळं आयुष्य त्याने त्या सीटवर काढलं, कान मागे आणि नाक समोरच्या काचेकडे. "कामाच्या नावाने शून्य, पण ऐट मालकाची," असं यजमान म्हणायचे.

मग यजमान आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत गेले. ट्रक विकला गेला. क्लीनर दुसऱ्या मजल्यावर राहायला आला. आजवर त्याचं घर चालत होतं, ते आता जागच्या जागी उभं राहिलं.

वहिनी घरात असल्या की तो शिलाई मशीनखाली झोपून जायचा. त्या बाहेर पडल्या की कहर. दाराला नखं, खिडकीच्या पडद्याच्या चिंध्या, आणि रडणं असं की खालच्या दुकानातले लोक बाहेर येऊन वर बघायचे. एकदा गिऱ्हाइकाचा नवाकोरा पडदाही त्याने फाडला.

घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. त्या एक दिवस खाली आल्या.

"हे बघ, दार माझं आहे आणि कानही माझेच आहेत. पुन्हा एकदा असं झालं तर तू राहा, कुत्रा राहणार नाही. शेवटचं सांगतेय."

वहिनींना बाहेर जाण्यावाचून इलाज नव्हता. खिडक्यांची मापं घरबसल्या घेता येत नाहीत. काम ठेवायचं तर कुत्रा जाणार, कुत्रा ठेवायचा तर काम जाणार.

नणंद एक पिंजरा घेऊन आली. "वहिनी, यात कोंड. थोडा रडेल, मग बसेल गप." पहिल्याच दुपारी क्लीनरने सळ्यांवर नाक घासून रक्त काढलं. वहिनींनी पिंजरा गॅलरीत नेला आणि त्यात फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या.

"मग माझ्याकडे पाठव. अंगणात साखळीला बांधीन," नणंद म्हणाली.

"पुढच्या सीटवर बसणाऱ्याला साखळी? तुझ्या दादाला काय वाटेल गं?"

घरातून निघायची वहिनींची एक पद्धत होती. आधी सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. पडदा ओढला की जीव शांत होतो, हे त्या आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आल्या होत्या. मग मापाची टेप गळ्यात घालायची, खाली बसून क्लीनरचं तोंड ओंजळीत धरायचं आणि "येते हं राजा, लगेच येते" असं बराच वेळ समजावत राहायचं. निरोप जितका लांबायचा, तितका मागून आक्रोश वाढायचा. हे लक्षात आल्यावर त्यांनी निरोप बंद केला. टेप दिसली की तो अस्वस्थ होतो, म्हणून टेप दिवसभर गळ्यातच ठेवली, अगदी जेवतानासुद्धा. त्या टेपचा अर्थ त्याने विसरावा म्हणून. मग त्या काही न बोलता दाराबाहेर जाऊन शिवत बसू लागल्या. आतून आवाज आला नाही की परत आत जायचं, जसं काही घडलंच नाही. पुढच्या वेळी एक पायरी खाली. जिन्यावरचं ते बसणं असं सुरू झालं.

"काय वहिनी, आज कुठवर बढती?" येणारे-जाणारे विचारायचे.

"बढती कसली, रोज खालीच येतेय!"

पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की वर पडदा फाटल्याचा आवाज यायचाच. तिथे गाडी अडली होती.

एका संध्याकाळी मी जिना चढत असताना मालकीणबाई माझ्या मागूनच तणतणत आल्या.

"अगं, तुझ्या कुत्र्याने पडद्याला भोक पाडलंय आणि त्यातून रस्त्याकडे टक लावून बसतो. माझी बहीण येत होती, तिला खालून नुसता एक डोळा आणि नाक दिसलं. केवढी दचकली ती!"

वहिनींची सुई थांबली. "टक लावून बसतो? तेव्हा रडत नाही?"

"रडतो की. पण भोक पडलं की गप."

वहिनी कापड तसंच पायरीवर टाकून आत गेल्या. बऱ्याच वेळाने दारात येऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, आत्ता पडदे ओढून त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते. काही दिसत नाही हो. याने जन्मभर समोर काच बघितली आणि मी जाताना रोज त्याच्या तोंडावर पडदा ओढत होते. याला वाटत असणार, गाडी कुठेतरी अंधारात लावून सगळे निघून गेले."

त्याच संध्याकाळी त्यांनी रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा काढला. ट्रक विकताना क्लीनरची सीट तेवढी त्यांनी काढून घेतली होती. ती माळ्यावरून उतरवली आणि खिडकीला लावून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. क्लीनरने तिचा बराच वेळ वास घेतला. मग चढला, स्वतःभोवती फिरला आणि ताठ बसला.

"पडदे शिवणाऱ्या बाईच्या खिडकीला पडदा नाही. जाहिरात छान आहे!" मालकीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर वहिनींची पायरी सुटली. आधी कोपऱ्यापर्यंत, मग एखाद्या घरी माप घेऊन येण्यापुरतं. खिडकीत क्लीनर बसलेला असायचा आणि खालून रस्ता वाहत असायचा.

मग नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं. मखमली, मातीच्या रंगाचा, टांगायलाच पूर्ण दिवस लागणारा. इतका वेळ क्लीनर एकटा कधीच राहिला नव्हता. मालकीणबाईंचं "शेवटचं" अजून उभंच होतं. त्या सकाळी मी बूट घालत असताना वहिनींची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकली. कुठल्याच पायरीवर ती थांबली नाहीत.

संध्याकाळी परत येताना त्या मला समोरच्या फुटपाथवर, झाडाला टेकून उभ्या दिसल्या. केसांत मखमलीचे तंतू, गळ्यात टेप.

"वहिनी, वर का जात नाही?"

"धीर होत नाही हो. गप उभे राहा. बघा."

मी वर पाहिलं. खिडकीत क्लीनर बसला होता, कान मागे, नाक काचेकडे. काचेत मावळतं ऊन भरलं होतं आणि त्यात तो तरंगल्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात गॅलरीतून मालकीणबाई ओरडल्या, "अगं, तिथे काय उभी आहेस? दिवसभर येऊन-जाऊन तुझ्या दाराला कान लावतेय मी. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, मेला की काय! माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून बघितलं, तर साहेबांनी नुसती मान वळवली आणि परत बाहेर!"

वहिनी हसल्या, आणि हसता हसता टेपच्या टोकाने डोळे पुसू लागल्या. आवाज ऐकून क्लीनरने खाली पाहिलं. शेपूट हललं असावं, कारण सगळं अंग हललं. मग पुन्हा त्याची नजर लांब रस्त्यावर गेली.

इमारतीच्या मागून ढग एका दिशेने सरकत होते. बघता बघता मला वाटलं, ढग थांबलेत आणि इमारतच निघाली आहे, जिन्यासकट, कुंड्यांसकट, हळूहळू. मी तसं वहिनींना म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"निघू दे," त्या म्हणाल्या आणि रस्ता ओलांडू लागल्या. "चालत्या गाडीत चढायची सवय आहे मला."