तराजूवाल्याने तोललेलं चाक

सगळे त्यांना काटेवाले म्हणत. चाळीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त केल्यावर घरी बसले, तरी खोड काही जाईना. भाजी आली की आधी काट्यावर चढायची, मग चुलीवर. बायकोनं केव्हाच हात टेकले होते. एखादी गोष्ट अशीच का, हा प्रश्न पडला की त्यांना जेवणाचंही भान राहत नसे.

सून नर्स होती. मोटारसायकलवरून लांबच्या वस्त्यांवर जायची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करायची. गाडीचं पुढचं टायर गुळगुळीत झालं होतं. दुकानदार म्हणाला, नवं बसवून देतो, पण चाक तोलून देणार नाही, ते आम्ही फक्त मोटारींचं करतो. हे ऐकून काटेवाल्यांना स्फुरण चढलं. आपण घरात असताना तोलायला दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?

मागच्या अंगणात त्यांनी नवं टायर उन्हात तापवून मऊ केलं. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं रिम आणि टायरची कड ओली केली, आत ट्यूब सारली आणि लोखंडी पट्ट्यांनी कड रिममध्ये ढकलली. शेवटची वीतभर काही बसेना. मग गुडघा टेकवून, दातओठ खाऊन बसवली. चाकाचा आस दोन खुर्च्यांवर टेकवून त्यांनी चाक हलकेच फिरवलं. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबे. म्हणजे ती जड. समोरच्या आऱ्यांवर ते शिशाची तार गुंडाळत गेले, तीही सोनाराच्या काट्यावर मोजून. साठ ग्रॅम झाले तेव्हा चाक सोडाल तिथे उभं राहू लागलं. साठ जरा जास्तच होते. पण शंका काढण्यात जन्म गेलेल्या माणसानं आनंदाच्या भरात नेमकी हीच शंका सोडून दिली.

पहिल्या दिवशी सून खूश होती. चौथ्या दिवशी ती पांढरीफटक होऊन घरी आली. वळणावर हँडल इतकं थरथरलं की गाडी रस्ता सोडून मातीत गेली होती. पडली नाही, एवढंच नशीब.

"बाबा, मी ही फेरी सोडते," ती म्हणाली. "दवाखान्यातच बसायचं काम मागते."

फेरीवरच्या माणसांत तिचा किती जीव होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

चाक पुन्हा खुर्च्यांवर चढलं. आता तारेचीच बाजू खाली येत होती. त्यांनी तार सोडवून मोजली, तर बरोबर साठ. म्हणजे समोरची बाजू हलकी झाली होती. पण बंद टायरमधून कमी काय होणार? दोन दिवस डोक्यात भुंगा होता. मग त्यांना धान्याची दुकानं आठवली. तिथे ओली पोती आठवड्यात हलकी व्हायची आणि दुकानदार काट्याच्या नावानं बोटं मोडायचे.

त्यांनी टायर उघडलं. ट्यूब आणि टायरच्या मध्ये त्यांचंच फडकं होतं, वाळून कडक झालेलं. अठरा ग्रॅम भरलं. एवढी लाज वाटत असतानाही त्यांनी ते भिजवून पुन्हा मोजलंच. एकसष्ट.

बायको म्हणाली, गुपचूप नीट करून टाका, कुणाला कळतंय. त्यांना ते जमेना. सून आली तेव्हा त्यांनी फडकं तिच्यासमोर ठेवलं.

"हे माझ्या हातून आत राहिलं. ओलं होतं तेव्हा तोललं, मग ते वाळत गेलं. तुझ्या जिवावर बेतलं असतं, पोरी."

सुनेनं फडकं उचलून हातात घेतलं. मग ओलं असताना किती भरलं, ते तिनं विचारलं.

चाक तिच्यासमोरच पुन्हा तोललं. या वेळी बारा ग्रॅम तारेत काम झालं. चाक गाडीला लागलं, तशी तिनं मलमपट्टीची पिशवी अडकवली आणि दुसरं हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं.

"बसा मागे."

काटेवाले जन्मात मोटारसायकलवर बसले नव्हते. त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढून पाहिलं.

"नीट तोललंय ना, बाबा?"

ते बसले. सरळ रस्त्यावर वेग वाढला, तसा त्यांनी श्वास धरून ठेवला. सगळं लक्ष पुढच्या चाकाकडे. हँडल हललं नाही. चाक तपासून झालं, आता इथून माघारी वळेल असं त्यांना वाटलं तो चौक आला आणि मागे गेला, तरी सून वळली नाही. पहिल्या वस्तीवर एका घरापाशी तिनं गाडी उभी केली आणि पिशवी काढली.

"इथेच थांबा," ती म्हणाली. "आजींची पट्टी बदलून येते."