कानस मारलेली मूठ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात, पण विक्रोळीतलं ते गावठी पिस्तूल विसरू म्हटलं तरी विसरत नाही. त्या केसमध्ये मी चुकलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला शूरवीर समजायला नको.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या शस्त्रकोठारावर मालवणकडचे एक जुने हवालदार होते. हत्यारं साफ करणं, देणं, परत घेणं हे त्यांचं काम. तोंडाने फटकळ, पण माणूस सोन्यासारखा. त्याच सुमारास एक तरुण उपनिरीक्षक मॅडम आमच्या गुन्हे शोध पथकात आल्या. साध्या कपड्यांत फिरायचं आणि पिस्तूल कुर्त्याखाली ठेवायचं, अशी ड्युटी. हुशार मुलगी, पण गोळीबाराच्या सरावात दोनदा नापास. सगळ्या गोळ्या डावीकडे जायच्या. मी अक्कल पाजळून त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

हवालदार माझ्यावर भडकले. ‘‘साहेब, डोळे कसले तपासतास? तिचो हात बघा आधी,’’ म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. त्या पिस्तुलाच्या मुठीमागे एक पट्टी असते. जाड, मध्यम आणि बारीक अशा तीन मिळतात, हात बघून बदलायच्या. आमच्या ठाण्यात मात्र जाड पट्टी आली तशीच कायम राहिली होती. उरलेल्या पट्ट्या डब्यात सीलबंद. का? तर सुटा भाग हरवला तर जबाब कोण देणार! सहा फुटी शिपाई आणि मॅडम, सगळ्यांना एकाच मापाची मूठ. लहान हाताने जाड मूठ धरली की बोट चापापर्यंत नीट पोचत नाही, मग पंजा फिरवून धरावं लागतं आणि नेम सरकतो. हवालदारांनी डब्याचं सील माझ्या सहीने फोडलं आणि बारीक पट्टी बसवली.

मॅडमना खरं तर आखूड मुठीचं पिस्तूल हवं होतं, कारण खाली वाकलं की लांब मूठ कुर्त्यातून दिसायची. हवालदारांनी त्यांना दोन्ही चालवून बघायला लावली. आखूड मुठीवर करंगळी खाली लोंबकळत राहायची आणि प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात उसळायचं, परत पकड घ्यावी लागायची. शेवटी मॅडमनी पूर्ण लांबीची मूठ आणि बारीक पट्टी घेतली, आणि शिंप्याकडून कुर्ते कमरेत सैल करून घेतले. पुढच्या सरावात पास झाल्या. त्या दिवसापासून त्या हवालदारांना काका म्हणायला लागल्या, आणि काका त्यांना कोणी नसताना बाय म्हणायचे.

यानंतर महिन्याभरात एक किरकोळ अंगाचा माणूस स्वतःहून माझ्याकडे आला. आपण चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सुतारकाम करतो, आणि विक्रोळीच्या चाळीत राहणाऱ्या आपल्या चुलत भावाने पोटमाळ्यावर पिस्तूल ठेवलंय, असं त्याने सांगितलं. माझं नाव बाहेर येऊ देऊ नका, म्हणाला. पोटमाळ्याचा कोपरासुद्धा त्याने सांगितला. इतकी पक्की खबर कधी मिळते? मी खूश झालो. खरं म्हणजे तिथेच मला शंका यायला हवी होती.

मंगळवारी सकाळी आम्ही पंच घेऊन छापा घातला. सांगितलेल्या कोपऱ्यात जुन्या चादरीत पिस्तूल होतं. काकांनी हातमोजे घालून ते रिकामं असल्याची खात्री केली, शेजारी मापाची फूटपट्टी ठेवून फोटो काढले, लाखेचं सील लागलं. खोलीतला माणूस लेथ मशीनवर काम करणारा, आडदांड, वय पन्नाशीच्या आसपास. अख्खी चाळ गॅलरीत उभी असताना आम्ही त्याला जीपमध्ये बसवलं. तो एवढंच म्हणत होता, ‘‘साहेब, ते माझं नाही. रविवारी पोरीचा साखरपुडा आहे हो. मुलाकडचे मोडतील.’’

माझं नाही, असं सगळेच म्हणतात. खिशात सापडलं तरी म्हणतात. मी लक्ष दिलं नाही. न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. चौकशीत त्याचं एकच पालुपद, आणि मध्येच साखरपुड्याचा विषय काढून रडणं. बुधवारी संध्याकाळी त्याची बायको आली. मुलाच्या वडिलांनी मुलुंडहून फोन करून रविवारचं काय करायचं ते विचारलं होतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी फाइल चाळत बसलो. आजही त्याची लाज वाटते.

गुरुवारी सकाळी काका कोठडीकडून थेट माझ्या केबिनमध्ये आले, मॅडमना बरोबर घेऊन. आरोपीला चहा पिताना त्यांनी पाहिलं होतं. ग्लास त्याच्या पंजात दिसेनासा झाला होता. काकांनी टेबलावर पिस्तुलाचा फोटो ठेवला.

‘‘साहेब, ह्या मुठीक कोणीतरी कानस मारल्यान हा. खालसून कापल्यान पण हा. ह्येच्या हातात ती बसाची नाय.’’

मूठ लाकडी होती, दोन्ही बाजूंनी घासून बारीक केलेली आणि खालून आखूड केलेली. मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, ही मूठ लहान हाताच्या माणसाने अंगावर लपवायला केलीये. पोटमाळ्यावर ठेवायचं असतं तर कापली कशाला असती?’’

फोटो मीही दहा वेळा पाहिला होता.

काकांनी पंचनाम्यातल्या मापाने दुपारपर्यंत सागाच्या तुकड्यातून तशीच मूठ तयार केली. आरोपीच्या हातात दिली, तर दोन बोटं खाली मोकळी. अर्थात, हा काही पुरावा नव्हे. मोठ्या हाताचा माणूसही लहान पिस्तूल बाळगू शकतो. पण अशी मूठ नेमकी कोणाला बसेल, असा विचार करताना आम्हा तिघांच्या मनात एकच माणूस आला.

खबर देणाऱ्याला जबाबासाठी म्हणून बोलावलं. टेबलावर फाइलींशेजारी ती लाकडी मूठ पडलेली. माणूस घाबरला की हाताला चाळा लागतो. बोलता बोलता त्याने ती उचलली आणि बोटं आपोआप जिथल्या तिथे बसली. मग त्याचं लक्ष गेलं आणि त्याने ती पटकन खाली ठेवली.

मी दरडावणार होतो, पण मॅडमनी मला डोळ्यांनीच थांबवलं आणि चहा मागवावा तितक्या सहज विचारलं, ‘‘कापलेला तुकडा कुठे टाकलात?’’

‘‘ड्रॉवरमध्येच...’’ तो म्हणाला आणि थबकला. ‘तू केलंस का’ विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. पुढचं सांगायला त्याला फार वेळ लागला नाही. पिस्तूल त्याचंच, अंगावर बाळगायला मूठही त्यानेच घासून कापली होती. विक्रोळीची ती खोली आजोबांची, पुनर्विकासात जाणार होती, कागदावर दोघांची नावं होती. भाऊ तुरुंगात गेला की खोली आपल्याला एकट्याला गिळता येईल, असा त्याचा हिशेब. खोलीची चावी त्याच्याकडेही होतीच. चारकोपच्या कारखान्यात त्याच्या ड्रॉवरमध्ये तो लाकडाचा तुकडा पंचांसमक्ष सापडला आणि पुढे तपासणीत मुठीशी तंतोतंत जुळला.

शुक्रवारी आम्ही न्यायालयात अहवाल दिला आणि भाऊ सुटला. कायद्याच्या दृष्टीने काम संपलं होतं. तो मात्र ठाण्याच्या दारातून निघेना. मॅडमनी कारण विचारलं तर म्हणाला, ‘‘नेताना सगळ्यांनी पाहिलंय, मॅडम. मी निर्दोष आहे, हे आता घरोघर जाऊन मीच सांगू?’’

रविवारी सकाळी मी पूर्ण गणवेश चढवून विक्रोळीच्या त्या चाळीत गेलो. साखरपुडा मोडला नव्हता, पण मुलाकडची मंडळी अंग चोरून बसली होती. मी दारात उभा राहिलो, टोपी काढली आणि गॅलरीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘‘या माणसाचा काहीही गुन्हा नाही. चूक माझी होती.’’ मुलाचे वडील उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्याला मिठी मारली. मुलगी ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, उगाच खोटं कशाला बोलू? त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. ‘‘वर्दीत आलात ते बरं केलंत. साध्या कपड्यांत आला असता तर लोक म्हणाले असते, ह्यांनीच कोणालातरी साहेब बनवून आणलाय,’’ ती म्हणाली.

माणसाला नेताना सगळी चाळ बघते, सुटून येताना तो एकटाच असतो. हे मला त्या नवरा-बायकोने शिकवलं, इतकी वर्षं खाकी घालूनही कळलं नव्हतं. पुढच्या नोकरीत आणखी दोनदा मी चुकीच्या माणसाला उचललं. दोन्ही वेळा गणवेश घालून त्याच्या दारात जाताना पाय जड झाले, पण गेलो.