किटलीची चौकशी

वृंदा आठल्ये डमडमला एकट्या राहत. नवऱ्याची बँकेतली बदली त्यांना कोलकात्यात घेऊन आली होती. तो वारल्यावर मुलगा सलील पुण्याला ये म्हणत होता, पण त्यांनी घर सोडलं नाही. स्वभाव मुळातच संशयी. दुधाची पिशवीसुद्धा उलटी करून, दाबून मगच घेत.

एकदा फोन आला. नवीन वस्तूबद्दल एका कंपनीला लोकांची मतं हवी होती, न्यू टाउनच्या ऑफिसात याल का?

"माझा नंबर कुणी दिला?"

पलीकडची मुलगी गुळमुळीत काहीतरी बोलली. वृंदाबाई गेल्या, त्या छडा लावायला. कंपनीची गाडी नाकारून बसने.

तिथे आणखी काही बायका होत्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. हे कळताच वृंदाबाईंनी पर्स घट्ट धरली. मौमिता नावाच्या मुलीने चहाच्या किटलीचं चित्र दाखवलं. सकाळी किटली वापरली नाही, तर परगावच्या मुलाला मोबाइलवर निरोप जाणार. वस्तू अजून बनलेली नव्हती.

"छानच की," बाकीच्या म्हणाल्या.

"मी घरात नाही, हे आणखी कुणाकुणाला कळणार?" वृंदाबाईंनी विचारलं.

"फक्त मुलाला, माशिमा," मौमिता बंगालीत मावशी म्हणत उत्तरली.

"आणि कंपनीला?"

मौमिताची नजर भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे गेली. वृंदाबाई उठल्या आणि त्यांनी हातांचा आडोसा करून आरशाच्या काचेला डोळे लावले. पलीकडे माणसं बसली होती. एकजण सामोसा खात होता.

"कंपनीचे लोक आहेत," मौमिता ओशाळली. "आधीच सांगायला हवं होतं."

मग बाकीच्याही बोलू लागल्या. एक म्हणाली, "मला तर भाचाच आहे, आणि त्याचा माझ्या फ्लॅटवर डोळा आहे. त्याला कशाला कळवायचं?"

घरी येताच वृंदाबाईंनी सलीलला फोन लावला.

"नंबर तू दिलास?"

"हो. माझा मित्र आहे त्या कंपनीत. आई, मागच्या महिन्यात दोन दिवस तू फोन उचलला नाहीस. मी घाबरलो होतो."

"म्हणून पहारा बसवतोस?" त्या तडकल्या. मग आवाज खाली आला. "ताप होता. उठवत नव्हतं."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती किटली बाजारात आली नाही. वृंदाबाईंनी शेजारच्या दासबाईंना घराची जादा किल्ली दिली. त्यानंतर आठवडाभर कपाटाला मात्र दुहेरी कुलूप होतं.