आपल्या भाषेतला फोन

कुंभकोणमला आम्ही मराठी बोलतो ते फक्त घरात. उंबरा ओलांडला की तमिळ. त्यामुळे फोनवरची अनोळखी बाई आमच्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलू लागली, तेव्हा मी तिला नावसुद्धा विचारलं नाही.

मुलीला शेतकी कॉलेजात जायचं होतं. बारावीचे मार्क तसे होते. अर्ज तिने स्वतःच ऑनलाइन भरला आणि आडनावाचं स्पेलिंग बरोबर आहे का, हे विचारायला त्याचा फोटो आमच्या इथल्या मराठी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. अर्जाचा क्रमांक, जन्मतारीख, माझा मोबाइल नंबर, सगळं त्यात होतं. तो फोटो पुढे कुणाकडे गेला, ते आजही माहीत नाही.

कॉलेजांची पसंती भरायच्या शेवटच्या दिवशी फोन आला. मुलगी दारासुरमला मैत्रिणीकडे गेली होती.

“अक्का, मुलीच्या अर्जात चूक राहिलीय. आज सुधारली नाही तर अर्ज बाद होईल. तुमच्या फोनवर आता एक नंबर येईल, तो मला होणा.”

‘पाहिजे’ला ‘होणा’ म्हणणारी माणसं आमचीच. मी नंबर वाचून दाखवला. वर तिला जेवायला बोलावलं.

मी शाळेत गणित शिकवते. ओटीपी कुणाला सांगू नये, हे त्याच आठवड्यात वर्गात सांगितलं होतं.

संध्याकाळी मुलीने अर्जाचं पान उघडलं. तिने लावलेली कॉलेजांची यादी गेली होती. तिच्या जागी लांबच्या जिल्ह्यातलं एकच खासगी कॉलेज होतं आणि यादी कुलूपबंद झाली होती, आता बदलता येणार नव्हती.

“आई, ओटीपी कुणाला दिलास?”

“आपल्यातलीच होती गं ती.”

तिने पान मिटलं आणि प्रवेशाचं मदत केंद्र किती वाजता उघडतं ते शोधू लागली.

सकाळी मदत केंद्रात गेलो. तिथला कारकून सौम्यपणे म्हणाला, “जागा भरायला अशा कॉलेजांचे दलाल हेच करतात. पण तुमच्याच फोनवरचा ओटीपी आहे, अम्मा. आता आमच्या हातात काही नाही.” पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. त्या बाईचा फोन नंबर कधीच बंद झाला होता.

त्या खासगी कॉलेजात ती गेली नाही. इथल्याच एका कॉलेजात इतिहासाला जागा उरली होती, तिथे नाव घातलं.

यंदा अर्ज सुरू झाले, तेव्हा मी म्हटलं, “पुन्हा भरूया? या वेळी मी फोनला हातही लावणार नाही.”

“नको,” ती म्हणाली. “आता मला कशाचाच भरवसा वाटत नाही.”

मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? मुदत संपली त्या दिवशी ती नेहमीसारखी बसने कॉलेजला गेली.